उन्हाळ गांगुर्डेचा श्वास

तिसऱ्या दिवशीही पाटी लाल झाली.

ईश्वरीनं ती कुर्त्याच्या टोकानं पुसली आणि पुन्हा पाहिली. लाल ती लालच. कांदा साठवायच्या चाळीच्या टोकाला, पप्पांनी ठोकलेल्या फळीसमोर ती उभी होती आणि पाटीवर अक्षरं उमटत होती : ‘सलग तीन नोंदी. बर्कहोल्डेरिया. वर्ग : कायमचा लाल.’

“काय आलं गं?” आईनं ओट्यावरून विचारलं.

“तेच.”

आईनं हातातली परात खाली ठेवली, तीही जराही आवाज होऊ न देता. आईचं हे हळू वागणं ईश्वरीला त्या लाल रंगापेक्षा जास्त लागलं.

ही पाटी म्हणजे काय, ते आधी नीट सांगायला हवं. ईश्वरी गांगुर्डे चौदा वर्षांची, निफाड तालुक्यातल्या गांगुर्डे वस्तीवरची. तिला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस. आपल्या शरीरातल्या पेशींना मीठ आत-बाहेर सोडणारी बारीक बारीक दारं असतात. ईश्वरीच्या पेशींची ही दारं धड उघडत नाहीत. त्यामुळे तिचा घाम इतका खारट, की लहानपणी तिचा पापा घेतला की आईचे ओठ खारट व्हायचे. आणि फुफ्फुसातला जो ओलावा पाण्यासारखा पातळ हवा, तो पाकासारखा चिकट. चिकट जागी जंतू येऊन बसले की उठायचं नाव घेत नाहीत. या आजारावर नव्या गोळ्या निघून बरीच वर्षं झाली होती, पण ईश्वरीच्या जनुकातली चूक अगदीच निराळी. तिला त्या लागू पडत नव्हत्या. रोज सकाळी आईकडून पाठ थोपटून घ्यायची, कफ खोकून काढायचा, कोलिस्टिन या औषधाची वाफ घ्यायची आणि शाळेत जायचं, असा तिचा क्रम.

या आजारात आणखी एक दुष्टपणा होता. एकीच्या छातीतला जंतू दुसरीच्या छातीत सहज जातो, म्हणून हा आजार असलेल्या दोन मुलांनी एका खोलीत बसायचं नाही. म्हणजे ज्याला तुमचं दुखणं न सांगता कळेल, नेमका त्याच्याच शेजारी तुम्ही कधी बसायचं नाही.

श्वासपाटीनं हे बदललं. प्रत्येक जंतू खातो, वाढतो आणि आपापले वायू सोडतो. कुणाचा वास आंबूस, कुणाचा गोडसर. माणसाच्या नाकाला त्यातलं फार थोडं कळतं, पाटीला सगळं कळायचं. तिच्यावर फुंकलं की चार मिनिटांत सांगायची, छातीत कोण राहतं. पूर्वी यासाठी कफ प्रयोगशाळेत पाठवून, जंतू वाढवून, दिवसचे दिवस वाट पाहावी लागे. पाटी आली आणि जंतू वाढवायची ती टेबलं एकेक करून बंद झाली. रोजची नोंद थेट राज्याच्या ‘श्वासनोंद’ दप्तरात जायची. धोक्याचा जंतू नसलेली मुलं हिरवी. आणि हिरव्या मुलांना दर शनिवारी नाशिकच्या श्वासकेंद्रात एका खोलीत एकत्र बसायची परवानगी!

तिथं ईश्वरीला झोया भेटली. मालेगावची झोया पठाण. सहा वर्षं दोघी एकमेकींना फक्त फोनच्या पडद्यावर ओळखत होत्या. पहिल्यांदा समोर आली तेव्हा झोयानं तिला जोरात चिमटा काढला होता.

“आई गं! वेडी आहेस का?”

“बघत होते, खरी आहेस का ते.”

तेव्हापासून दर शनिवारी दोघींचा कॅरम. गुडघ्याला गुडघा लावून.

बर्कहोल्डेरिया मात्र छातीत ठाण मांडणाऱ्यांतला सगळ्यात हट्टी जंतू. बहुतेक औषधांना दाद देत नाही, आणि एकीकडून दुसरीकडे जायला फार चपळ. तो सापडला की मूल लाल. कधी कधी तो महिनोनमहिने लपून बसतो, म्हणून नंतर पाटी हिरवी झाली तरी नोंद पुसायची नाही, असा नियम. म्हणजे आता शनिवार संपले. कायमचे.

* * *

संध्याकाळी झोयाचा फोन आला. तिनं आधी कॅमेरा खाली वळवला. समोर कॅरमचा फोटो होता, कागदावर छापलेला.

“मागचा शनिवार,” झोया म्हणाली. “तू राणी घेतलीस आणि वेळ संपली. कव्हर राहिलंय तुझं. मी सगळ्या सोंगट्यांचा फोटो काढून ठेवलाय, तशाच्या तशा मांडणार.”

“कुणासाठी मांडणार? मी लाल आहे आता.”

“तुला खोकला वाढलाय?”

“नाही.”

“ताप?”

“नाही. काल तर मी शाळेत दोन मजले न थांबता चढले.”

“मग कसली गं लाल?” झोया चिडली. “माझ्या अम्मीला सांगितलं तर ती म्हणते, मशीनला तुझ्यापेक्षा जास्त कळतं. मी म्हटलं, मशीननं ईशूला कधी कॅरम खेळताना बघितलंय का?”

ईश्वरीला हसू आलं, आणि हसता हसता तिच्या मनात काहीतरी ताठ झालं. पाटी म्हणते म्हणून मी लाल? कुणी विचारलं का पाटीला, तू कशावरून म्हणतेस?

* * *

पाटीला प्रश्न विचारू शकेल असं एकच माणूस तिला ठाऊक होतं. पगारे मॅडम. चांदवडच्या एका कॉलेजात त्यांनी बत्तीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली होती. आता एकाहत्तरीच्या होत्या. आपला जुना मायक्रोस्कोप स्कूटरला बांधून गावोगावच्या शाळांत जात आणि मुलांना त्यांच्याच नखांतला मळ दाखवून किंचाळायला लावत.

ईश्वरीनं सगळं सांगितलं. मॅडमनी धीर वगैरे काही दिला नाही. त्यांनी विचारलं, “पाटी मागच्या महिन्यापर्यंत हिरवी होती ना? मग या महिन्यात काय बदललं?”

“काहीच नाही.”

“आठव. औषध? पाणी? झोपायची जागा? कुठं उभी राहून फुंकतेस?”

“चाळीपाशी.” ईश्वरी म्हणाली. “टॉवर बदलल्यापासून घरात रेंज येत नाही. पाटीला फुंकताना रेंज लागते. चाळीच्या टोकाला चांगली येते, म्हणून पप्पांनी तिथं फळी ठोकून दिली.”

मॅडम हातातला चहा तसाच धरून बसल्या.

“कांद्याची चाळ,” त्या म्हणाल्या. “भाद्रपदातली. म्हणजे आत सडका कांदा असणारच.”

“रोज निवडतो आम्ही. घमेलंभर तरी निघतो.”

“ईश्वरी, हा बर्कहोल्डेरिया माणसाला पहिल्यांदा कुठं सापडला, माहितीये? छातीत नाही. सडक्या कांद्यात. शंभर वर्षं होत आली असतील. कांद्याचा रोग म्हणूनच त्याची ओळख झाली. माणसाच्या छातीत तो मागाहून आला.”

ईश्वरी पुढं सरकली.

“म्हणजे पाटीनं माझा श्वास वाचलाच नाही?”

“वाचला. पण त्या जागी उभी राहून दहा मिनिटं चाळीची हवा आत घेतलीस, तीच बाहेर सोडलीस. पाटी करणाऱ्यांनी तिला अगरबत्ती, फोडणी, गाडीचा धूर वजा करायला शिकवलं असेल. घराला लागून दोनशे क्विंटल कांदा कुणाच्या असतो? त्यांना सुचलंच नसेल.” मग त्या थांबल्या. “हे सगळं मला वाटतंय हं. वाटणं म्हणजे शास्त्र नाही. तुझा कफ पेरून, जंतू वाढवून बघावं लागेल.”

त्याच संध्याकाळी त्या वस्तीवर आल्या आणि भाऊसाहेबांना, म्हणजे ईश्वरीच्या पप्पांना, त्यांनी हेच सांगितलं. पप्पांनी ऐकून घेतलं. मग सरळ चाळीकडे गेले आणि ती फळी दोन्ही हातांनी उपटली. खिळे वाकले, लाकूड चिरलं.

“मीच उभं केलं तिला तिथं,” ते म्हणाले. “ऊन लागू नये म्हणून वर पत्रासुद्धा लावला.”

“पप्पा, तुम्हाला काय माहीत?” ईश्वरी म्हणाली.

“बापाला माहीत पाहिजे.”

“भाऊसाहेब, रडायचं नंतर,” मॅडम म्हणाल्या. “अंडी उबवायची पेटी आहे ना तुमच्याकडं? ती द्या मला. आणि ही पोरगी आजपासून चाळीच्या आसपास फिरकायची नाही. पाटीची चूक असली तरी जंतू खरा आहे. अजून छातीत नसेल, तर उद्या जाऊ शकतो.”

* * *

जंतू वाढवायला लागणारं तयार खाद्य बाजारात मिळत नव्हतं, ते घेणारंच कुणी उरलं नव्हतं. मॅडमनी चांदवडच्या आपल्या स्वयंपाकघरात ते शिजवलं. मांसाचं पाणी, थोडं मीठ, घट्ट होण्यासाठी शेवाळापासून बनणारं अगर. सगळं प्रेशर कुकरमध्ये वीस मिनिटं, म्हणजे आतलं आधीचं काही जिवंत राहायला नको. मग त्यात दोन विषं. एक, जुन्या काळी जखमेला लावायचे ते जांभळं औषध. दुसरं, ईश्वरीच्या वाफेच्या औषधातली एक कुपी.

“माझं कोलिस्टिन?” ईश्वरीनं फोनवर विचारलं. मॅडमनी तिला त्या खोलीत पाऊल टाकायला मनाई केली होती.

“हो. जांभळं औषध जंतूंच्या एका जातीला मारतं. तुझं कोलिस्टिन दुसऱ्या जातीला. दोन्हींतून जो वाचेल, तो आपला चोर.”

तीन बशा मांडल्या. पहिल्या जांभळ्या बशीत सडक्या कांद्याचा रस. दुसऱ्या जांभळ्या बशीत ईश्वरीचा सकाळचा कफ. तिसरीत विष न घातलेलं साधं खाद्य, आणि त्यावर पुन्हा ईश्वरीचाच कफ. तिन्ही चिकटपट्टी लावून बंद केल्या.

“माझी एक पुरे नाही का?”

“समज, तुझी बशी रिकामी राहिली. तू म्हणशील, बघा, मी स्वच्छ. मी म्हणेन, कशावरून? खाद्यच बिघडलं असेल, पेटी गार पडली असेल. कांद्याची बशी भरली, तर कळेल की चोर आला असता तर इथं दिसला असता. आणि साधी बशी भरली, तर कळेल की तुझ्या कफात जीव होता. दोन्ही भरल्या आणि मधली रिकामी राहिली, तरच ते रिकामेपण काही सांगतं.”

दुसऱ्या दिवशी साध्या बशीवर सोनेरी ठिपके आले. “हे तुझे जुने भाडेकरू,” मॅडम म्हणाल्या, “औषधानं गप्प राहणारे.” तिसऱ्या दिवशी कांद्याच्या बशीवर ठिपके उठले आणि पाचव्या दिवसापर्यंत ती गच्च भरली. झाकण न उघडता मॅडम बाहेरूनच भिंगातून बघत. पूर्वी झाकण काढून वास घ्यायची पद्धत होती. “मूर्खपणा होता,” असं त्या म्हणत.

“हा तोच, की त्याचा चुलतभाऊ, ते एवढ्यावरून मी सांगू शकत नाही. पण तुझ्या जांभळ्या बशीवर यांतलं कुणीही नाही. सातवा दिवस आज. गुळगुळीत आहे, आरशासारखी.”

ईश्वरीनं फोन ठेवला आणि पहिल्यांदा रडली.

* * *

श्वासकेंद्राच्या डॉक्टर केतकी सबनीस वाईट नव्हत्या. दमलेल्या होत्या. एकशे चाळीस मुलं आणि त्या एकट्या. त्यांनी केंद्राच्या बाहेरच्या बाकावर बसून बशांचे फोटो पाहिले. लाल मुलांना आत घेता येत नव्हतं.

“कुठं केलं हे?”

“मॅडमच्या घरी. कुकरमध्ये.”

“अंडी उबवायच्या पेटीत,” पप्पांनी भर घातली, आणि ईश्वरीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते गप्प झाले.

“बाळा, मला पटतंय तू काय म्हणतेस ते,” डॉक्टर म्हणाल्या. “पण घरच्या तपासणीला मान्यता नाही. मान्यता असलेलं टेबल राज्यात एकही चालू नाही. आणि मी चुकून एका खऱ्या लाल मुलीला आत सोडलं, तर आतल्या अकरा जणांना मी काय सांगू?”

“मग पाटी चुकली, हे कोण सांगणार?”

“फक्त श्वासनोंद. दुसरी पाटीच.”

आत, काचेच्या पलीकडे झोया उभी होती. तिनं हातातली राणी काचेला टेकवून धरली होती. तांबडी, गोल.

परतीच्या वाटेवर पिंपळगाव मागं पडलं. मग ईश्वरी एकदम म्हणाली, “पप्पा, त्या म्हणाल्या ना, पाटीचंच ऐकतात?”

“हा.”

“मग पाटीकडूनच वदवू.”

* * *

श्वासनोंदीतल्या घरच्या खात्यात ‘नवीन सदस्य’ जोडायची सोय होती. चाळ सुटल्यापासून ईश्वरी चुलत्याच्या घरी राहत होती, तिथं बसून ती फोनवर फॉर्म भरत होती. हे घर चाळीपासून चांगलं लांब, आणि इथं रेंजही यायची.

“नाव?”

“कांदा लिही,” आई म्हणाली.

“नुसता कांदा शोभत नाही. उन्हाळ कांदा आहे ना आपला? नाव : उन्हाळ. वडिलांचं नाव : भाऊसाहेब.”

“माझं नाव कशाला घालतेस त्यात!”

“तुम्हीच वाढवलाय ना? वय... चौदा टाकते. वजन?”

“एक गोणी पंचेचाळीस किलोची,” पप्पा म्हणाले.

“बघा, माझ्यापेक्षा अंगानं भरलेला आहे.”

उन्हाळ भाऊसाहेब गांगुर्डे, वय चौदा, वजन पंचेचाळीस किलो. श्वासनोंदीनं ‘कुटुंबात आपलं स्वागत आहे’ असा संदेश पाठवला आणि त्याच्यासाठी वेगळी पाटीही धाडली.

श्वास कसा द्यायचा, हे मॅडमनी ठरवून दिलं. माणसाचा श्वास कोमट आणि ओला असतो, तसा नसेल तर पाटी तो नाकारते. म्हणून सायकलच्या पंपानं चाळीतली हवा कोमट पाण्याच्या बाटलीतून सोडायची आणि तिथून पाटीवर. गोणीत आठ-दहा सडके कांदे. तोंडाला मास्क लावून आई चाळीत, हातात पंप. पहिल्या सकाळी पाटी म्हणाली, ‘श्वास मंद आहे. पोटातून फुंका.’

“पोटातून म्हणे!” आई फोनवर ओरडली आणि तिनं दात-ओठ खाऊन पंप मारला. इतके दिवस जी बाई परातसुद्धा आवाज न करता ठेवत होती, तिचा तो आवाज ऐकून ईश्वरीला बरं वाटलं.

पहिली सकाळ, लाल. दुसरी सकाळ, लाल.

त्याच वेळी चुलत्याच्या पडवीत ईश्वरी स्वतःच्या पाटीवर फुंकत होती. हिरवी. हिरवी.

तिसऱ्या सकाळी दोन्हींचा निकाल एकदमच आला, आणि दुपारी भाऊसाहेबांच्या फोनवर पत्र आलं : ‘प्रिय उन्हाळ, तुमच्या फुफ्फुसात बर्कहोल्डेरिया आढळला असून तुमची नोंद कायमची लाल करण्यात आली आहे. घाबरू नका. आपले डॉक्टर लवकरच आपल्याशी बोलतील.’

पप्पांनी ते दोनदा वाचलं. मग ओट्यावर बसून ते इतके हसले की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पाणी नुसतं हसण्याचं नव्हतं.

फोन दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला आला. ईश्वरीनंच घेतला.

“नमस्कार, श्वासकेंद्रातून बोलतेय. उन्हाळ आहे का?”

“आहे, पण तो बोलत नाही.”

“बरं. त्याला खोकला कितपत आहे?”

“खोकला अजिबात नाही.”

“ताप? वजन कमी होतंय?”

“वजन कमी होतंय. रोज थोडं थोडं.”

“अरेरे. आणखी काही त्रास?”

“कुजलाय.”

पलीकडं कुणीतरी कागद चाळत होतं.

“...ईश्वरी?”

“हो, डॉक्टर. उन्हाळ गांगुर्डे म्हणजे कांद्याची गोणी आहे. तिला फुफ्फुस नाही. तुमची नोंद म्हणते, आहे, आणि त्यात बर्कहोल्डेरिया आहे. आता मला सांगा, माझी नोंद पुसायची, की त्यालाही लाल वॉर्डात भरती करायचं? मी घेऊन येते त्याला. बसमध्ये जागा धरते.”

“आणू नकोस!” डॉक्टर ओरडल्याच. मग त्यांचा आवाज खाली आला. “माझ्याकडं या महिन्यात लाल झालेली आणखी तीन मुलं आहेत. एक येवल्याचा, दोन कळवणचे.”

“त्यांच्या घरी चाळ आहे का, विचारलंत?”

“नाही विचारलं.” पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला. “ते कुकरवालं खाद्य करणाऱ्या तुझ्या मॅडम... त्यांचा नंबर दे.”

* * *

नोंद लगेच पुसली गेली नाही. केंद्राच्या मागच्या बंद खोलीतलं टेबल पुसून घ्यायला, परवानगी यायला आणि पगारे मॅडमनी तिथं ईश्वरीचा कफ तीन वेगवेगळ्या आठवड्यांत तीनदा पेरून पाहायला दोन महिने गेले. तिन्ही वेळा मधली बशी कोरी राहिली. येवल्याच्या मुलाचीही कोरी राहिली. कळवणच्या दोन भावंडांत धाकट्याची कोरी, थोरल्याची मात्र भरली. तो खराच लाल होता. मॅडमनी त्याचे उपचार सुरू करण्यासाठी स्वतः डॉक्टरांना हाक मारली. नियम मात्र बदलला : पेरून पाहिल्याशिवाय कुणालाही कायमचं लाल म्हणायचं नाही.

पप्पांनी चाळ मोडली आणि लांबच्या मळ्यात नेऊन उभी केली.

नोंद पुसल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी ईश्वरी केंद्राच्या दाराशी आली तेव्हा पहारेकऱ्यानं यादी पाहिली. “इथं गांगुर्डे नावाचा एक लाल दिसतोय.”

“तो माझा भाऊ,” ईश्वरी म्हणाली. “तो नाही येणार.”

खोलीत झोयानं कॅरम मांडला होता. हातात तो छापलेला कागद धरून ती एकेक सोंगटी बोटानं रेसभर इकडे, रेसभर तिकडे सरकवत होती. तिनं वर पाहिलं, ईश्वरीला जोरात चिमटा काढला आणि पलीकडे सरकून जागा दिली.

“बस,” ती म्हणाली. “कव्हर राहिलंय तुझं.”